जेसन.स्ट्रिंगिफाय यांस अनावृत पत्र

श्रीयुत जेसन.स्ट्रिंगिफाय,
मु. पो. नोड सर्व्हर



परवा लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघाला आणि आमच्या बाजारभावाच्या ॲपवर लोक तुटून पडले. अहमदपूरजवळ टेम्पो उभा करून एक जण फोनवर ओरडत होता, "लातूरला आणू का नांदेडलाच टाकू? बोला की लवकर!" त्याच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. डिझेल त्याचं, हमाली त्याची. सर्व्हर तपासला तर डेटाबेसने आपलं काम केव्हाच उरकलेलं. त्या नोंदींचा पाठवण्याजोगा मजकूर करताना वेळ खात होतात तुम्ही.

तुमची कर्तव्यनिष्ठा थोर आहे. शेतमाल, प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. बाजारभावाचा तक्ता उघडा, हेच रकाने. काल हेच, उद्या हेच, बदलतात ते आकडे. पण तुम्ही प्रत्येक ओळ आयुष्यात प्रथमच पाहिल्यासारखी उलगडता. आपलं रूपांतर कसं करायचं ते सांगणारं स्वतःचं टू-जेसन हिच्याकडे आहे का? ही वस्तू फिरून स्वतःपाशीच येत नाही ना? हा अंक की मजकूर? मजकूर असेल तर मध्ये अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश काही दडलंय का? सोयाबीनच्या प्रतीतल्या 'पिवळा' या शब्दात बॅकस्लॅश शोधणारे जगात तुम्ही एकटेच असाल. तेही दर ओळीला, दर माणसामागे. नोडमध्ये आमचा जावास्क्रिप्टचा मुख्य थ्रेड एकच, त्यामुळे एकाचं उत्तर लिहून होईपर्यंत मागचे सगळे ताटकळत.

आडत्याची हिशोबपट्टी छापील असते. मुनीम काय दर गिऱ्हाईकामागे नव्याने रेघा मारत बसतो?

हेच ओळखून फास्टिफाय या नोडच्या वेब फ्रेमवर्कच्या मंडळींनी, म्हणजे मातेओ कोलिना आणि तोमास देल्ला वेदोवा यांच्या गोटाने, फास्ट-जेसन-स्ट्रिंगिफाय वापरात आणलं. त्याला स्कीमा, म्हणजे रकान्यांचा आराखडा, आधीच द्यायचा: आवक म्हणजे अंक, प्रत म्हणजे मजकूर, सर्वसाधारण दर आवश्यक. त्यावरून सर्व्हर सुरू होतानाच एक खास फंक्शन तयार होतं. रकान्यांची नावं त्यात अगोदरच लिहिलेली, नंतर फक्त मूल्यं भरायची. गूगलने २००८ मध्ये खुलं केलेलं प्रोटोबफ हे डेटा धाडायचं स्वरूप तर नावंही पाठवत नाही, नुसते क्रमांक. पण तिथवर जायची आमची ऐपत नाही.

शिवाय तुम्हाला पोटात काही ठेवता येत नाही. आडत्याचा खासगी मोबाईल नंबर, नोंद कुणी केली, कधी बदलली, सगळं चव्हाट्यावर. स्कीमात जो रकाना नाही तो ते स्कीमावरून बनलेलं फंक्शन लिहीतच नाही. आणि जिथं बोंब मारायला हवी तिथं तुम्ही गप्प! सर्वसाधारण दर अनडिफाइन्ड आला, तर रकाना गुपचूप गाळून मोकळे. स्कीमात तो आवश्यक असता, तर तिथल्या तिथं एरर आला असता.

पण तुझ्यावर तरी किती ओरडू रे? २०२५ मध्ये व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनवाल्यांनी तुझा वेग दुपटीहून जास्त वाढवला, पण तो जलद रस्ता साध्यासुध्या वस्तूंसाठी. आमच्या डेटाबेसच्या लायब्ररीने प्रत्येक ओळीला टू-जेसन चिकटवून ठेवलेलं, म्हणजे तुला पुन्हा जुन्याच खडकाळ वाटेने पिटाळलं. पुढे काय येणार हे तुला कुणी कधी सांगितलंच नाही. मालक म्हणतात, "स्कीमा-बिमा नंतर बघू, मोठा सर्व्हर घ्या." दर महिन्याला त्याचं भाडं भरतील. वर स्प्लॅश स्क्रीनवर फिरता लोगो हवा, त्यासाठी मात्र वेळच वेळ. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्याच्याही खाली माल विकायची पाळी आलेल्या माणसाला, किती खाली, एवढं तरी वेळेवर कळू द्या! तेवढ्यासाठीसुद्धा त्याला रस्त्याच्या कडेला तिष्ठत ठेवता?

असो. यादी मोठी झाली की स्कीमाचा फायदा घटतो, हे फास्टिफायच्या मंडळींनीच लिहून ठेवलंय. मग यादी कापा. टेम्पोवाल्याने सोयाबीनचे दोन बाजार विचारले, तुम्ही त्याला राज्यभरातली कोथिंबीर वाचून दाखवताय.

तरी या पत्राद्वारे आपल्याला बाजारभावाच्या पानावरून मुक्त करण्यात येत आहे. मालकांच्या ॲडमिन पानावरचा मासिक अहवाल आपणच लिहावा. तिथं हवा तेवढा वेळ घ्यावा.

कळावे.

आपला,
सर्व्हरपाशी रात्रपाळीला बसवलेला