मनकवडा पाहिजे

यंदा कळंबच्या यात्रेत तमाशा नको, मेंटॅलिस्ट आणू, असं यात्रा कमिटीच्या बैठकीत तरुण मंडळींनी मांडलं. (अशी बैठक झालीच नाही, असं कमिटी म्हणेल. कमिटीचंच खरं मानावं.) ज्येष्ठांनी विचारलं, म्हणजे काय करतो तो? उत्तर आलं, मनातलं ओळखतो. त्यावर सभेत जी शांतता पसरली, तशी गेल्या वर्षीचा हिशोब मागितला तेव्हाही पसरली नव्हती.

तमाशाचं एक बरं असतं. पुढं नारायणगावला जायचं, राहुट्यांमध्ये बसायचं, चहा प्यायचा, सुपारी ठरवायची, इसार द्यायचा. वगात राजा कितीही रुबाबात आला, तरी त्याच्याकडं कुणी जमिनीचा दाखला मागायला जात नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीरांपासून त्यांच्या नातवापर्यंत तीन पिढ्यांनी महाराष्ट्राला थक्क केलं, पण स्टेजवरून माणूस नाहीसा झाला म्हणून पोलिसात हरवल्याची तक्रार दिल्याचं ऐकिवात नाही. तिकीट काढतानाच ठरलेलं असतं: तुम्ही फसवा, आम्ही टाळ्या वाजवतो.

मेंटॅलिस्टच्या पत्रकात मात्र ठळक लिहिलं होतं, ‘यात जादू नाही, हातचलाखी नाही, दैवी शक्तीही नाही. केवळ मानसशास्त्र आणि देहबोली.’ खाली बारीक अक्षरांत दोन दिवसांची कार्यशाळा, फी वेगळी.

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. जादूगार आपली युक्ती लपवतो, तो त्याचा हक्क आहे. पण हा गडी नुसती लपवत नाही, तिच्या जागी दुसरीच सांगतो. आपण मनात धरलेलं नाव तो चिठ्ठीवर लिहायला लावतो. मनातलंच ओळखायचं तर चिठ्ठी कशाला, हा प्रश्न अशा वेळी सुशिक्षितांना सुचत नाही. चिठ्ठी कुठंतरी, कशीतरी वाचली जाते, किंवा खेळाआधी रांगेत गप्पा मारून माहिती काढलेली असते. मग तो आपल्या डोळ्यांत खोल बघून म्हणतो, ‘क म्हटल्यावर तुमची डावी पापणी हलली.’ वाचला कागद, श्रेय पापणीला. वाटसरूला रस्ता न सांगणं वेगळं आणि मंचरला निघालेल्याला घोडेगावच्या एसटीत बसवून देणं वेगळं.

आणि लोक त्या एसटीत बसतात. कार्यशाळा करून आलेला सासरा जावई निवडताना नाक खाजवणाऱ्याला नापास करतो. (बिचाऱ्याला सर्दी असते.) कांद्याची पट्टी हातात घेऊन शेतकरी व्यापाऱ्याच्या पापण्या मोजत बसतो. बेल्ह्याच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणाऱ्यांनी चेहरा कोरा ठेवण्याची विद्या पिढ्यानपिढ्या जपली, तीसुद्धा फुकट. त्यांच्यापुढं या शास्त्राची बोहनीसुद्धा होणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं, लोकांना ठकवणं याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे ‘मला देवीनं सांगितलं’ म्हणणाऱ्यानं घाबरायचं आणि ‘मला तुमच्या पापणीनं सांगितलं’ म्हणणाऱ्यानं सत्काराची शाल घ्यायची. २०२३च्या जानेवारीत नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनवाले श्याम मानव यांनी, मनातलं ओळखतो म्हणणाऱ्या बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना ते सिद्ध करण्याचं तीस लाखांचं आव्हान दिलं. पुढं पोलिसांनी तक्रार तपासून गुन्हा होत नाही असं सांगितलं. त्याच धामधुमीत मेंटॅलिस्ट सुहानी शाह यांनी टीव्हीवर लोकांच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि ही दैवी शक्ती नव्हे, कला आहे, असं स्वच्छ सांगितलं. कला म्हणाल्या, तिथं माझी तक्रार संपते. तक्रार आहे ती ‘शास्त्र’ म्हणून पावती फाडणाऱ्यांबद्दल. अंधश्रद्धा निर्मूलनवाले पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून काडीशिवाय होम पेटवतात आणि लगेच बाटली दाखवतात. त्यांचं मानधन बघा आणि कार्यशाळेची फी बघा. बाटली दाखवणं महागात पडतं.

तसा आमच्या भागाला मनकवडा नवा नाही. नंदीबैलवाला दारात येतो, गुबूगुबू वाजवतो, ‘यंदा पाऊस पडंल का?’ विचारतो आणि नंदी मान हलवतो. दोरीला कुठं हिसका बसला, हे शेंबड्या पोरालाही दिसतं, तरी घरधनीण सुपात जोंधळे आणते. जर्मनीत ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणितं सोडवायचा. त्याच्यासाठी तज्ज्ञांची समिती बसली आणि अखेर १९०७ साली फुंग्स्ट नावाच्या संशोधकानं दाखवून दिलं, की घोडा आकडेमोड नव्हे, समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचतो. घोड्याच्या मालकाला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं. आमच्या नंदीवाल्याला सगळं ठाऊक असतं, आणि नंदीकडून देहबोली शिका असं म्हणत त्यानं आजवर कुणाकडून फी घेतलेली नाही.

म्हणून मी सभेत दुरुस्ती सुचवली: मेंटॅलिस्ट आणा, पण फलकावर ‘हा हातचलाखीचा खेळ आहे’ एवढं लिहा. तरुणांनी लगेच त्याच्या मॅनेजरला स्पीकरवर फोन लावला. मॅनेजर दुखावला. म्हणाला, ‘सर, तसं लिहिलं तर लोक नुसता खेळ बघून घरी जातील.’ मी म्हटलं, यात्रेत लोक त्यासाठीच येतात. तो म्हणाला, ‘मग वर्कशॉपला कोण येणार?’

एवढं प्रामाणिक वाक्य त्या पत्रकात कुठंच नव्हतं.

मग आकड्यावर गाडी आली. मॅनेजरनं आकडा सांगितला, वर निम्मा इसार आधी मागितला. अध्यक्षांनी खाकरून घासाघीस सुरू करायच्या आत कोपऱ्यातले आजोबा पुढं सरकले. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

‘आम्ही आकडा मनात धरलाय म्हणावं. त्यानंच ओळखावा.’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘बाबा, गंमत झाली. पण इसाराशिवाय तारीख धरता येत नाही. लोक ऐनवेळी बुडवतात हो.’

‘बुडवतात? आन् ते तुमच्या सायबाला आधी दिसत न्हाई?’

फोन कट झाला. आजोबांनी तो अध्यक्षांकडं दिला आणि नारायणगावला जायला गाडी कुणाची आहे, ते विचारलं.