मॅक्रोकर

मूळ आडनाव जोशी असो, शेख असो की कांबळे, एक्सेलमधलं ‘रेकॉर्ड मॅक्रो’ एकदा सापडलं की माणसाचा मॅक्रोकर होतो. ठेकेदार कंपन्यांत हा प्राणी बहुधा प्लॅनिंग खात्यात आढळतो.

फाइल नुसती उघडलेली त्याला खपत नाही. ‘वर्कबुक ओपन’मध्ये लिहिलेलं सगळं फाइल उघडताच आपोआप चालतं, हे त्याला कळलेलं असतं. साइट इंजिनियर बिचारा सिमेंटच्या किती गोण्या उरल्या एवढंच बघायला येतो. आधी ‘सुप्रभात!’ अशी चौकट (संध्याकाळी सहालाही). मग ‘कालचा रिपोर्ट भरलात का?’ ‘नो’ म्हटलं की फाइल मिटली. ‘यस’ म्हटलं की पडदा थरथरतो, शीटं भराभरा पालटतात आणि कर्सर येऊन थांबतो तो ‘तयार करणार’ या रकान्यातल्या मॅक्रोकराच्या नावावर. तोवर इंजिनियरनं स्टोअरकीपरला फोन लावलेला असतो.

बाहेर पडणं त्याहून अवघड. ‘बिफोर क्लोज’मध्ये त्यानं ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ करून ठेवलंय. शेरा लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही. लग्नघरातल्या यजमानासारखा तो दारात आडवा उभा. लोक मग शेऱ्यात एक टिंब देतात आणि सुटतात. महिनाअखेरीला साहेबांपुढे पानभर टिंबं जातात, रंगीत आलेखासकट.

पुढे त्याच्या हाती एमएस प्रोजेक्ट लागलं. तिथंही फाइल उघडली की मॅक्रो चालवता येतो. मागे पडलेली कामं आपोआप लाल व्हावीत, अशी सोय त्यानं केली. साहेबांनी ती फाइल प्रथम उघडली ती क्लायंटसमोर, प्रोजेक्टरवर. मॅक्रो उत्तम चालला.

अशा आपोआप चालणाऱ्या मॅक्रोंची जगाला धास्ती आहे. मार्च 1999 मधला मेलिसा व्हायरस वर्डची फाइल उघडताच आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो सरसकट अडवायला सुरुवात केली, ती मॅक्रोकरानं मनाला लावून घेतली. ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा, घाबरू नका’ असं सचित्र पत्रक त्यानं सगळ्यांना धाडलं. व्हायरसवाल्यांना तरी आणखी काय हवं असतं?

गणपतीत तो कोकणात गेला आणि इकडे फाइल उघडेना. रन-टाइम एरर 1004. मॅक्रो त्याच्याच बंद कॉम्प्युटरमधली दुसरी फाइल मागत होता. दोन दिवसांनी फोन लागला.

“शिफ्ट दाबून धरा नि उघडा. मॅक्रो चालणारच नाही.”

“म्हणजे रोज असंच उघडलं तर?”

“रेंज जातेय हो!”

परत आल्या आल्या त्यानं बंदोबस्त केला. आता शिफ्ट दाबून फाइल उघडली की बाकीची शीटं ‘व्हेरी हिडन’, आणि समोर एकच पान: ‘मॅक्रो चालू करा’. खाली मोबाइल नंबर. गणपतीत लागत नव्हता तोच.