शाश्वत पंचांगाचे धनी
महिना तीस दिवसांचा की एकतीस, आणि यंदाचा फेब्रुवारी लीप वर्षाचा की कसे, याचा हिशेब रोजच्या चावीवर २१०० सालापर्यंत चोख राहावा, अशी तजवीज जिनिव्हाच्या पाटेक फिलिप पेढीने १९४१ साली आपल्या १५१८ क्रमांकाच्या मनगटी घड्याळात केली. त्यांतील एक पोलादी नग (संग्राहकांच्या दरबारी दुर्मिळ पोलाद सुवर्णाहून वरचढ) २०१६ साली त्याच शहरी लिलावात एक कोटी दहा लाखांहून अधिक स्विस फ्रँकांस गेला. असले घड्याळ मालकाने हातावर बांधावे, ही अपेक्षा मात्र निव्वळ गावंढळ. वापराने चक्रे झिजतात, सबब चंद्रकलांसह समस्त कालगणना जाणणारे ते सर्वज्ञ यंत्र तिजोरीत कुठल्याशा जुन्या मंगळवारी मुकाट थबकलेले असते. आजची तारीख हवी असल्यास मालक मोबाइल पाहतात.