पुरुषवस्त्रमीमांसा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या बहुमजली कापडदुकानांत पुरुषांचा विभाग बहुधा वरच्या मजल्यावर असतो. यावरून काही विचारवंत पुरुषाला दुय्यम गिऱ्हाईक ठरवतात. आमचे मत निराळे आहे. जुन्या शर्टाची कॉलर पार विरल्याशिवाय जो दुकानाची पायरी चढत नाही, त्याला आणखी दोन जिने चढायला लावण्यात व्यापाऱ्याचा काही तोटा नाही.

जे. सी. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने 1930 साली असे मांडले, की अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी नटणेमुरडणेच सोडले. याला त्याने पुरुषांचा महासंन्यास म्हटले. ठीक आहे. पण संन्याशाच्या छाटीला निदान माप लागत नाही.

आता आकडे पाहू. फॉर्मल शर्टाच्या कॉलरीत छापलेले 40 हे गळ्याचे माप, तेही सेंटिमीटरमध्ये. शेजारच्या रॅकवरच्या टी-शर्टाचे 40 हे छातीचे, इंचांत. पुढे बहुतेक ठिकाणी 40 नंतर एकदम 42 येते. 41 गळ्याच्या माणसाने 40 घातला तर वरचे बटण लागत नाही; 42 घातला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाह्या बोटांशी येतात. कारण शर्टशास्त्रात गळा तेवढा स्वतंत्र. खांदे, हात, पोट हे सगळे त्याचे आश्रित. गळा जाड त्याअर्थी हात लांब, ही व्याप्ती प्रथम कोणी मांडली याचा शोध घेतला पाहिजे. विक्रेत्यापाशी मात्र तोड तयार असते. शर्ट घट्ट झाला तर तो “वापरून सैल होईल”, सैल झाला तर “एका धुण्यात आटेल”.

पँटीचा प्रश्न याहून गहन आहे. चाळिशीपुढच्या पुरुषांत दोन संप्रदाय आढळतात : पट्टा पोटावर बांधणारे ते ऊर्ध्वपट्टवादी आणि पोटाखाली बांधणारे ते अधःपट्टवादी. एकाच माणसाची कंबर पहिल्या मताने 40 आणि दुसऱ्या मताने 36 भरते, आणि दोन्ही मते टेप लावून सिद्ध करता येतात. “माझी कंबर कॉलेजपासून छत्तीसच आहे,” असे अधःपट्टवादी सांगतो ते खोटे नसते. कंबर फक्त जागा सोडून खाली गेलेली असते. हल्लीच्या तयार पँटींची बैठक इतकी आखूड, की ऊर्ध्वपट्टवाद्याने पट्टा आपल्या मताप्रमाणे वर नेला तर पँट भलत्याच ठिकाणी निषेध नोंदवते. हा संप्रदाय नामशेष होण्यामागे वैचारिक पराभव नाही, कापडाची काटकसर आहे, असे आमचे अनुमान आहे.

मापांच्या या गोंधळाची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली आहे. तयार कपड्यांची आपली मापे ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्यांवर चालत आली, म्हणून निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात सहा शहरांतल्या 25,000 भारतीयांना त्रिमितीय स्कॅनरपुढे उभे करायचे योजले. उपक्रम स्तुत्यच. तथापि मापासाठी उभा राहिलेला पुरुष श्वास रोखून पोट आत ओढतोच, आणि स्कॅनर त्याला “सोडा आता” असे म्हणत नाही.

टेलरमास्तर म्हणतात. शिवाय ते शिवणीत माया सोडतात, म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या श्रीखंडाची तरतूद करून ठेवतात. कपडे दिलेल्या तारखेला मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे; पण तो कालमीमांसेत जातो, वस्त्रमीमांसेत नाही. मास्तर गळ्यातली टेप काढतात आणि तयार कपड्यांच्या दुकानात कधीच न विचारला जाणारा प्रश्न विचारतात : “पँट कुठं नेसता, वर का खाली?”

उत्तर बहुधा सोबत आलेली बायको देते.