हाऊस दिसलं, फार्म दाखवा!

कर्जतच्या चारफाट्यावर उभं राहून नुसते बोर्ड वाचले, तर तालुक्यात शेतीला काय बरकत आलीय असं वाटावं. जो तो फार्मवाला. आत जावं तर हिरवळ, स्विमिंग पूल, रेन डान्सचे फवारे आणि पीक म्हणाल तर कुंपणालगत चार नारळ.

जमीन महसूल संहिता मात्र अजून १९६६ सालातच आहे. तिच्या लेखी शेतघर म्हणजे अवजारं, खत, धान्य ठेवायची, गुरं बांधायची, नाहीतर शेतकऱ्यानं राहायची जागा. तसा नियम कुठे मोडलाय म्हणा! बार्बेक्यूची शेगडी हे अवजारच. गुरांबद्दल शनिवारी मध्यरात्रीनंतर शेजारच्या वाडीत विचारावं. आणि राहणारा शेतकरी असतोच, कारण कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेऊच देत नाही. मग अंधेरीच्या शेअर दलालाला अचानक आजोबांचा सातबारा सापडतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, तेव्हा त्या चार नारळांना किती लागतात ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रातच वाचावं.

एजंटाच्या तोंडी फार्महाऊस म्हणजे ‘खालापूर टोलनाक्यापासून फक्त पंधरा मिनिटं’. रस्ता कितीही खड्ड्यात जावो, मिनिटं पंधराच. पोलिसांच्या पत्रकात फार्महाऊस आलं की मागोमाग छापा येतो. आणि ‘साहेब फार्महाऊसवर आहेत’ असं पीए म्हणाला, की आपण अर्ज घडी करून खिशात घालावा.

खरा अर्थ वॉचमनला पाठ. तो बहुधा ठाकूर नाहीतर कातकरी, कधी कधी तर जमीन ज्याची होती तोच.

“काका, पूलच्या जागी आधी काय होतं?”

“खाचर. कर्जत-३ लावायचो.”

गावातल्याच संशोधन केंद्रानं काढलेलं, गावाचंच नाव लावलेलं भाताचं वाण ते. त्या खाचराला पावसाचं पाणी पुरायचं, पूलला मे महिन्यात टँकर लागतो. वाटेत वाडीवरच्या बाया हंडे घेऊन उभ्या असतात, पण टँकरला पुढे जायची घाई असते; पाहुणे पोहायचे खोळंबलेत.

रविवारी निघताना शेठना घरचा तांदूळ हवा असतो, इथल्या मातीतला, ऑरगॅनिक. काका सकाळीच कर्जतच्या बाजारातून सुरती कोलम आणून ठेवतात आणि कापडी पिशवीत ओतून देतात. पिशवीचे पन्नास वेगळे.