लेकाहून लहान आई

“काकू, कुरडया नंतर उलथा, आधी भिंतीजवळ या. रात्री ‘अग्निपथ’ लागला होता, पाहिला का?”

“पाहिला की. त्यात अमिताभची आई झालेली बाई म्हणजे आपली ‘चार दिवस सासूचे’मधलीच ना? अनुराधाची सासू?”

“तीच. रोहिणी हट्टंगडी. आता ऐका. अमिताभ १९४२चा अन् ही १९५१ची.”

“आता गं बया! म्हणजे आई लेकापेक्षा नऊ वर्षांनी लहान?”

“मग! ‘सारांश’ आला १९८४ला. त्यात लेक गमावलेली म्हातारी झाली, तेव्हा बाईचं वय तेहतीस. नवरा झालेला अनुपम खेर तर तिच्याहूनही लहान.”

“मेकअपवाल्याचीच कमाल म्हणायची.”

“नुसता पांढरा विग लावून म्हातारपण आलं असतं, तर गॅदरिंगमधल्या सगळ्या पोरी आज्या दिसल्या असत्या, काकू. उठताना गुडघ्यावर हात कधी ठेवायचा, वाक्याच्या शेवटी दम कुठं तोडायचा, हे शिकावं लागतं. ही शिकलेली आहे. पुण्याची, माहेरची ओक. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली तयार झाली. जयदेव हट्टंगडी तिथंच सोबत शिकायला.”

“हां! म्हणजे तिकडंच जमलं.”

“तुमचं लक्ष आपलं तेवढ्यावरच. अहो, लग्नानंतर दोघांनी मिळून नाटकंच केली. ‘अपराजिता’ तर तिनं एकटीनं उभं केलं, दिग्दर्शन नवऱ्याचं. एकट्या माणसानं स्टेज धरून ठेवणं काय असतं, ते आपल्याला सांगायला नको. माजलगावचा संदीप पाठक ‘वऱ्हाड’ करतो तेव्हा कसा घामाघूम होतो!”

“अन् ती ‘गांधी’तली कस्तुरबा?”

“१९८२चा पिक्चर. ऐन तरुण बाईपासून आगाखान पॅलेसमधल्या मरणापर्यंत सगळं वय तिनंच केलं. इंग्लंडचा बाफ्टा मिळाला. दुसऱ्या एका नटीबरोबर विभागून, पण मिळाला! पुढं ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कारही. अन् तीच बाई ‘चालबाज’मधे श्रीदेवीला छळते, तेव्हा माझी आजी टीव्हीसमोर बोटं मोडायची.”

“एवढी मोठी बाई, मग सिरियलीत कशाला आली म्हणते मी? बारा वर्षं तेच रडगाणं!”

“असं म्हणू नका. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग झाले. तुमची थोरली सातवीत होती तेव्हा सुरू झालेलं. संपलं तेव्हा तिचं लेकरू बालवाडीत. लोडशेडिंगमधे भाग हुकला की सकाळी ह्याच भिंतीवरून तुम्हीच मला गोष्ट सांगायच्या, ते विसरल्या का?”

“ते खरंय. सुनेला बोलायची तेव्हा राग यायचा, पण उठून जावंसं नाही वाटायचं.”

“तिथंच तर नाटकवाली दिसते. कॅमेरा तोंडाशी अन् संवाद आदल्या रात्रीही हातात पडायचा नाही, असा सिरियलीचा कारभार. अशात रोज तेच पात्र, पण शिळं वाटू द्यायचं नाही. समोरची कविता लाडही नाटकातलीच, म्हणून सासू-सुनेचं भांडण रंगायचं. ती सिरियल संपत नाही तोच ‘होणार सून मी ह्या घरची’ आली, त्यात भागीरथी आजी. माझं मत विचाराल तर बाई तरुणपणीच म्हातारी झाली, म्हणूनच टिकली. तिच्या वयाच्या बऱ्याच हिरॉइनी चाळिशीत घरी बसल्या. हिला आईच्या, सासूच्या, आजीच्या भूमिका मिळतच गेल्या. सत्तरी ओलांडली तरी काम करायलीय.”

“आपल्या चव्हाण नाट्यगृहात यायला पाहिजे बाई तिनं. तुमच्या ह्यांची ओळख आहे ना तिथं? दोन पास मिळतील का बघा.”

“काकू, पाससाठी ह्यांना विचारायचं नाही, सांगून ठेवते. नाटक लागलं की तिकीट काढायचं. अन् मोबाईल घरी ठेवून यायचं.”