अकरा बसणार नाही

“मॅडम, याच्यावर अकरा बसणार नाही. नवीनच घ्या.”

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने लॅपटॉप चालू केला, एका खिडकीत नजर टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो नियम सांगत होता. माझा राग त्या नियमावर आहे.

लॅपटॉप २०१७ सालचा. सगळ्या कळा चालतात, पडद्यावर एक डाग नाही. तीन वर्षांपूर्वी जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हापासून तर पळतो. आठ जीबी रॅम आहे. पण प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला. त्या दिवशी माझ्या यंत्रातला एकही भाग बिघडला नाही. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या, आणि धडधाकट यंत्र एका तारखेने म्हातारं ठरलं.

२९ जुलै २०१५ ला आलेली प्रणाली दहा वर्षं सांभाळली, हे मान्य. नव्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते आणि त्याने पासवर्ड-किल्ल्या अधिक सुरक्षित राहतात, हेही मान्य. पण कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या शेवटी अंदाज मांडला होता, की या बदलापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. २४ कोटी! त्यातल्या किती यंत्रांवर एखादं पोर अभ्यास करू शकलं असतं, एखादं वाचनालय पुस्तकांची नोंद ठेवू शकलं असतं. आपल्याकडे पितळी पातेल्याची कल्हई गेली म्हणून पातेलं कुणी फेकत नाही. कल्हईवाल्याला हाक मारतात.

एका वर्षाची मुदतवाढ मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मी घेतली नाही. वर्षाने त्याच दुकानात, त्याच मुलासमोर पुन्हा उभं राहायचं होतं. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली बसवली.

मिंट निवडण्याचं कारण साधं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. हाताला ओळखीची मांडणी. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू केलं. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. आतल्या डिस्कला हात न लावता नवी प्रणाली चालवून बघता येते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी नीट दिसतं का, सगळं तपासा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, जुनं जसंच्या तसं. मी दोन दिवस असं वापरलं, सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि मगच “बसवा” या बटणावर बोट ठेवलं.

आता चार महिने झाले. काय मिळालं ते आधी सांगते.

शांतता मिळाली. लिहिता लिहिता कोपऱ्यातून बातमी डोकावत नाही, जाहिरात येत नाही, खातं उघडा म्हणून कुणी मागे लागत नाही. नव्या दुरुस्त्या आल्या की खालच्या पट्टीवरच्या ढालीवर ठिपका उमटतो. त्या कधी घ्यायच्या ते मी ठरवते. टाइमशिफ्ट नावाची सोय प्रणालीची आजची अवस्था जपून ठेवते, उद्या काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. पैसे लागले नाहीत. हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरोघरी चोरीचं विंडोज वर्षानुवर्षं चाललंय आणि त्याची कुणाला खंतही वाटत नाही. ते बेकायदा तर आहेच. शिवाय त्यासोबत घरात काय शिरतं, हे वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सुखावून गेली. घरात एक जुना स्कॅनर होता. त्याच्या कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिलाच नाही, म्हणून तो माळ्यावर गेला होता. मिंटमध्ये केबल जोडली, स्कॅनचा कार्यक्रम उघडला, आणि यादीत त्याचं नाव. काचेखालचा दिवा सरकताना बघून माझ्या घशाशी आवंढा आला. सहा वर्षं आम्ही त्याला मेलेला समजत होतो.

गमावलं तेही कमी नाही.

बोटाचा ठसा ओळखणारी चकती आता नुसती शोभेची. प्रिंटर छापतो, पण शाई किती उरली ते सांगत नाही. प्रणाली फाइलींच्या नावांत लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी मानते, त्यामुळे एकाच लेखाच्या दोन फाइली झाल्या आणि मी जुनीच पाठवून दिली. वर्डमध्ये केलेली फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते, पण तक्ता अर्धं पान खाली सरकतो. एक्सेलमधले मॅक्रो तर जवळपास प्रत्येक वेळी दगा देतात. आमच्या सोसायटीचे हिशेब बघणाऱ्या काकांना मी उत्साहाने हे सगळं सुचवलं आणि आठवड्याच्या आत शब्द मागे घेतला. त्यांची टॅली विंडोजसाठी बनलेली, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनासोबत आलेलं सॉफ्टवेअरही विंडोजचंच. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेला ते टोकन ओळखलं गेलं नाही, तर दंड काकांना पडणार, माझ्या उत्साहाला नाही. ज्यांचं पोट एका कार्यक्रमावर अवलंबून आहे त्यांनी आधी तो कार्यक्रम तपासावा, प्रणाली नंतर.

सगळ्यात मोठा तोटा यापेक्षा वेगळा आहे. विचारायला जवळ माणूस नाही. विंडोज बिघडलं तर गल्लीत दुकान आहे, भाचा आहे, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा आहे. लिनक्स म्हटलं की तिघंही मान हलवतात. आणि लिनक्सचे जे कट्टर चाहते आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: “सोप्पंय हो, टर्मिनल उघडा आणि ही ओळ टाका” हे उत्तर बंद करा. साठीच्या बाईला काळ्या खिडकीत न कळणारी ओळ चिकटवायला सांगणं ही मदत नव्हे. तिच्या शेजारी जाऊन बसा, एक दुपार द्या. तुमच्या प्रणालीचा प्रसार त्या एका दुपारीत होईल.

सरकारलाही दोन शब्द. मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यायचं धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केलं. लिनक्सवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली बनवली सी-डॅकने, जिचं मुख्यालय पुण्यात आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात. आणि आपल्याकडे संगणक साक्षरता म्हणजे अजून एकाच कंपनीची बटणं कुठे आहेत ते पाठ करणं. मुलांना एक तरी दुसरी प्रणाली दाखवा. दोन स्वयंपाकघरांत वावरलेल्या मुलीला तिसऱ्या घरात मिठाचा डबा शोधायला वेळ लागत नाही.

म्युनिकचं उदाहरण देऊन कुणी मला गप्प करू पाहतं. त्या जर्मन शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतायचा ठराव केला. खरंच आहे ते. पण मधली कितीतरी वर्षं एक मोठं शहर त्या प्रणालीवर चाललं, हेही तितकंच खरं आहे.

माझी खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली.

जुन्या फाइली नव्या प्रणालीत आणल्या तेव्हा “आईच्या ओव्या” नावाची एक फाइल उघडली. २००८ मध्ये आईने सांगितलेल्या दळणाच्या ओव्या, दीडशेच्या आसपास, मी बसून टंकल्या होत्या. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती रोमन अक्षरं, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं. क्षणभर वाटलं, सगळं गेलं.

गेलं नव्हतं. मुळात ते मराठीत साठवलेलंच नव्हतं. त्या काळच्या फॉन्टांची रीत अशी, की फाइलीत रोमन अक्षर जायचं आणि फॉन्ट त्याला देवनागरीचं रूप चढवायचा. कृतिदेवमध्ये “मराठी” टंकलं तर फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं असतात. फॉन्ट काढला की मराठी संपली. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात त्याच शब्दाची अक्षरं आणखी वेगळी. जुना फॉन्ट शोधून नव्या यंत्रात टाकला तर ओव्या दिसतात, हे करून पाहिलं. पण त्यात एक शब्द शोधता येत नाही, आणि भाचीच्या फोनवर पाठवल्या की पुन्हा गचका.

याचं दुःख जास्त होतं, कारण वाट तेव्हाही होती. १९९१ हे साल बघा. त्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, पहिली घोषणा केली. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, देवनागरीसकट. त्याच साली भारतीय लिप्यांचं आयएस १३१९४ हे मानक आलं आणि त्यात इनस्क्रिप्ट कळफलक होता. म्हणजे मी ओव्या टंकल्या तेव्हा खरी मराठी साठवायची सोय सतरा वर्षांची झाली होती, घरातल्या विंडोज एक्सपीतही होती. पण छापखान्याला जुना फॉन्ट हवा, डीटीपीवाल्याला तोच, संपादकांना तोच. आम्ही सगळ्यांनी मिळून मराठीची पानंच्या पानं खासगी कुलपात ठेवली. विंडोजवर मी इतका राग काढला, पण माझ्या आईचे शब्द विंडोजने अडवले नव्हते. सहकारी संस्थांची इतिवृत्तं, स्मरणिका, गावांचे इतिहास, दिवाळी अंक अजून त्या कुलपात पडून आहेत. यंत्र बदला किंवा बदलू नका, त्या फाइली आज उघडा. त्या टंकणारी माणसं अजून आहेत तोवर.

रूपांतराचे कार्यक्रम मिळतात आणि बरंच काम करतात. अडखळतात ते रफारावर. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो आधी यावा लागतो. हा क्रम चुकला की “वर्ष”चं “वषर्” होतं. दीडशे ओव्यांत असे शब्द पानोपानी. म्हणून गेले तीन रविवार मी आणि आई जेवणानंतर बसतो. मी वाचते, ती ऐकते. ती ८१ वर्षांची आहे, माण तालुक्यातली, आणि ओवी अडली की डोळे मिटून पुढची ओळ चालीत म्हणते.

मागच्या रविवारी “दयार्” आलं. मला कळलं काय झालंय ते. दुरुस्त केलं आणि वाचलं, “दर्या.”

“दर्या?” आईने डोळे उघडले. “अगं, आमच्या माणात दर्या कुठनं आला? दऱ्या. मुंगी घाटाच्या. शिंगणापूरच्या कावडी चढतात तिथल्या.”

मला २००८ ची ती दुपार आठवली. त्या फॉन्टात तो अर्धा ऱ कुठल्या कळीवर आहे ते मला सापडलं नव्हतं, म्हणून मी रफार देऊन पुढे गेले होते. तेव्हापासून माझ्या फाइलीत आईच्या डोंगरात समुद्र होता.

इनस्क्रिप्टवर बोटं ठेवली. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. दऱ्या.

“झालं? पुढचं वाच,” आई म्हणाली.